पालथं

एक्स-रे आधीच लावून ठेवला होता उजेडावर:
डावी बाजू, नऊ मिलिमीटर, नळीत खाली उतरलेला,
कमरेच्या हाडाआड दडून बसलेला.
म्हणजे उताणं चालणार नव्हतं.
मी म्हटलं, मावशी, पालथं झोपावं लागेल.

तिम्माबाई धोत्रे, वय अंदाजे साठ.
गावाच्या रकान्यात सिस्टरनं लिहिलंय
'पाथरी रोड, पालावर', बस्स.
धंद्याच्या रकान्यात काहीच नाही.
"पालथं कामून?" ती म्हणाली.
"पालथं तर लेकरू पडतं, नाय तर दारुडं."

मी हसलो नाही.
परवाच आमची पोरगी पालथी पडली, साडेचार महिन्यांची,
एक हात अंगाखाली अडकलेला, मान मात्र वर.
बायकोनं मला दुकानातून बत्तासे आणायला लावले.

परभणीत, वसमत रोडला, दुसऱ्या मजल्यावर
ही खोली मशीनसाठी थंड ठेवतात.
माणसं कुडकुडतात.
मी तिच्यावर चादर टाकली, पोटाखाली पाण्याची उशी वर घेतली,
जेली लावली, तळहातानं सारखी केली.
मध्ये एक बुडबुडा राहिला
तरी ठोका तिथंच विरतो.
हे आठ वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. तिला सांगितलं,
कारण तिनं विचारलं.

पडद्यावर फुली. फुलीच्या मधोमध खडा.
पहिला ठोका. ती दचकली.
खडा फुलीबाहेर.
पुन्हा टेबल दोन मिलिमीटर डोक्याकडे, एक डावीकडे,
पुन्हा ठोका, पुन्हा बाहेर.
हलू नका मावशी. श्वास रोखू नका. लांब घेऊ नका. बारीक घ्या.
सगळ्यांना सांगतो तेच, त्याच सुरात.
दोनशे दहा ठोके झाले. निम्मे हाडावर गेले असतील.

मग उशीत तोंड खुपसलेलं असतानाच ती म्हणाली,
"तुजा पाटा डगमगायलाय, लेकरा."
कुठला पाटा?
"मी. माजी डावी बाजू हवेत हाय.
टाकी लावताना आमी पाट्याखाली पोतं सारतो,
दुमडून, जिथं पोकळ वाजतं तिथं.
नाय तर घाव दगडात जात न्हाई, हातात येतो माघारी."

चाळीस वर्षं दारोदार पाटे-वरवंटे टाकलेले हात
टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत होते.
बोटांच्या पेरांवर पांढुरक्या खुणा, उडालेल्या कपऱ्यांच्या.
तिनं चादर मागितली. झोपल्या झोपल्याच चार घड्या घातल्या,
खुब्याखाली सरकवली, जरा काढली, पुन्हा सरकवली.
"आता हान."

ठोका. फुली. खडा फुलीतच.
ठोका. फुलीतच.

मिनिटाला साठ. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा आणि मशीन
थोडा वेळ एकमेकांना धरून चालले, मग सुटले.
ती मोजत होती, तेलुगूसारख्या कशात तरी,
मध्येच एखादा आकडा मराठी.
"खालून बी घाव बसतो म्हन की," एकदा म्हणाली.
"आमी जलमभर वरूनच हानला."
हजाराच्या पुढे कडा पुसट व्हायला लागल्या.
दोन हजारांत खड्याचे दोन झाले, मग भुगा,
नळीत लांबट पसरलेला, चुन्याच्या रेघेसारखा.

उठताना तिनं जेली पदरानंच पुसली.
मी सांगितलं: पाणी भरपूर प्या,
लघवी लालसर होईल, घाबरू नका,
गाळणीतून गाळा, कण सापडले तर डबीत आणा.
"पानी बोरचंच हाय," ती म्हणाली, "खारट.
पुना हुईल का?"
होऊ शकतो, मी म्हटलं.
तिनं मान हलवली, पाट्याला दोन वर्षांनी
पुन्हा टाकी लागतेच, तशी.

"घरी पाटा हाय का तुमच्या?"
आहे. बाथरूममागे. त्यावर धुणं आपटतात.
हे बोललो नाही. मिक्सर आहे, म्हटलं.

पुढचा माणूस मानवतचा, उजवी बाजू, वरचा खडा. उताणा.
चादर बदलायला हवी होती.
मी घडी तशीच उचलली, उलट्या बाजूला ठेवली,
आणि आयुष्यात पहिल्यांदा
त्याच्या कमरेखाली बोटं घालून
कुठं पोकळ आहे ते पाहिलं.